येतो म्हणजे जातो



या सदरात आपण आजवर मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी, मोतीबिंदू अशा विकारांविषयी वाचत आलो. ते रक्ताच्या किंवा यंत्राच्या तपासणीत दिसतात. आज ज्याविषयी लिहीत आहे, ते कोणत्याही तपासणीच्या कागदावर आकड्यांत उमटत नाही. ते माणसाच्या वागण्या-बोलण्यात दिसते. लोक त्याला शिष्टपणा म्हणतात, तुसडेपणा म्हणतात, नाहीतर "आईबापांनी वळण लावले नाही" असे म्हणून मोकळे होतात. त्याचे नाव ॲस्पर्गर सिंड्रोम.

मी डॉक्टर नाही. विमानांच्या सुट्या भागांची मापे तपासण्यात माझी एकतीस वर्षे गेली. पण हा विषय मी जन्मापासून जगत आलो आहे. त्याचे नाव मात्र मला वयाच्या ६२व्या वर्षी कळले. आपल्यापैकी अनेकांच्या घरी असा एखादा नातू, नात, भाऊ किंवा नवरा असेल, म्हणून हा लेख.

नाव कोठून आले

१९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर या ज्यू डॉक्टरांनी काही मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. ती मुले आपल्याच जगात असत, त्यांना बदल सहन होत नसे. या अवस्थेला ऑटिझम म्हणू लागले. मराठीत स्वमग्नता म्हणतात. पुढच्याच वर्षी व्हिएन्नामध्ये हान्स ॲस्पर्गर या डॉक्टरांनी अशाच, पण अस्खलित बोलणाऱ्या आणि हुशार मुलांविषयी लिहिले. लॉर्ना विंग या ब्रिटिश डॉक्टरबाईंनी १९८१ साली 'ॲस्पर्गर सिंड्रोम' हे नाव रूढ केले.

२०१३ साली अमेरिकन मानसोपचार तज्ज्ञांच्या संघटनेने हे वेगळे नाव काढून टाकले आणि सर्वांना 'ऑटिझम स्पेक्ट्रम' या एकाच नावाखाली घेतले. इंद्रधनुष्यात जसे रंग एकातून दुसऱ्यात मिसळतात, तसे याचेही कमी-जास्त प्रकार आहेत, असा त्याचा अर्थ. म्हणून आजचे डॉक्टर कागदावर ॲस्पर्गर लिहीत नाहीत.

हे नाव मागे पडण्याला आणखी एक कारण आहे आणि ते आपण ज्यू लोकांनी माहीत करून घ्यावे असे आहे. २०१८ साली व्हिएन्नाच्या एका इतिहासकाराने जुनी कागदपत्रे प्रसिद्ध केली. डॉ. ॲस्पर्गर यांनी नाझी राजवटीशी सहकार्य केले होते आणि काही अपंग मुलांना 'आम श्पीगेलग्रुंड' या संस्थेत पाठवण्याची शिफारस केली होती, असे त्यांवरून दिसते. त्या संस्थेत मुलांना ठार मारले जात असे. हे वाचल्यावर मला काही दिवस ते नाव तोंडात घेववेना. या लेखात ते वापरतो, कारण आपल्या पिढीने हेच नाव ऐकले आहे.

आता मुख्य गोष्ट. हा रोग नाही. मेंदूची घडणच निराळी असते आणि ती जन्मापासून असते. त्यात आनुवंशिकतेचा मोठा वाटा आहे. पूर्वी काही डॉक्टर आईच्या थंडपणाला दोष देत. ते साफ खोटे ठरले आहे. लस टोचल्यामुळे हे होत नाही. दृष्ट लागल्यामुळेही नाही.

येतो, नको आणि बघू

आमचे बालपण मुंबईला भायखळ्याच्या चाळीत गेले. मी पाच-सहा वर्षांचा असताना मामा घरी आले, चहा घेतला आणि "येतो हं" म्हणून निघाले. मी उंबरठ्यावर जाऊन बसलो. जेवणाची वेळ झाली, दिवे लागले, तरी मी उठेना. आईने विचारले तेव्हा म्हणालो, "मामा येतो म्हणाले आहेत." सगळे हसले. मला मात्र खोटे बोलणारे मामा आणि हसणारी माणसे, दोन्हींचे कोडे पडले.

मराठी माणूस निघताना 'जातो' म्हणत नाही, ते अशुभ मानतात, हे इतर मुलांना कोणी न शिकवता कळते. आमच्यासारख्यांना ते गणितासारखे समजावून सांगावे लागते. शब्दाचा जो अर्थ असतो तोच आम्ही धरतो. बोलण्यातला आडून सुचवलेला भाग, आवाजातला चढउतार, चेहऱ्यावरची छटा आमच्या नजरेतून निसटते.

पाहुण्याला मी विचारायचो, "चहा घेणार?" ते म्हणायचे, "नको नको." मी भांडे खाली ठेवून बसायचो. लग्नानंतर बायकोने सांगितले, "अहो, नको म्हणाले तरी करायचा असतो." मी विचारले, "किती वेळा नको म्हणेपर्यंत?" ती म्हणाली, "तीनदा." तो नियम मी डायरीत लिहून ठेवला आणि आजही पाळतो. 'बघू' म्हणजे बहुधा नाही, 'कधीतरी जेवायला या' म्हणजे आमंत्रण नव्हे, हेही त्याच डायरीत आहे.

१९७१ साली आम्ही इस्राएलला आलो तेव्हा मी १४ वर्षांचा होतो. इथल्या लोकांच्या फटकळपणाने आमच्या घरातली मोठी माणसे दुखावत. ज्याला हिब्रूत 'दुग्री' म्हणतात, ते तोंडावर सरळ बोलणे त्यांना उद्धटपणा वाटे. मला मात्र पहिल्यांदा मोकळा श्वास घेता आला. इथे नको म्हणजे नको होते.

नियम असलेल्या जागा सोप्या, नसलेल्या अवघड

लोक विचारतात, "तुम्ही बेत कनेसेतमध्ये तर नीट वागता, मग लग्नात का नाही?" कारण प्रार्थनेला क्रम आहे. कधी उभे राहायचे, कधी आमेन म्हणायचे, सर्व ठरलेले. आपली हातबोशीसुद्धा मला आवडते. एरवी अंगाला स्पर्श झाला की मी दचकतो. पण हातबोशीत कोणाचे हात कोठे आणि किती वेळ, हे आधीच ठाऊक असते. शिवाय तोरा वाचणाऱ्याची चूक झाली तर ती तिथल्या तिथे दाखवणे हे कर्तव्यच मानतात. दुसऱ्याची चूक मोठ्याने सांगावी आणि कोणी रागावू नये, अशी मला सापडलेली ही एकमेव जागा.

अडचण सुरू होते ती किद्दुश झाल्यानंतर. हातात बशी घेऊन लोक घोळक्याने उभे राहतात. कोणी बोलायला कधी सुरुवात करावी, कधी थांबावे, याचा कोठेही नियम नाही. मग मी माझ्या आवडीच्या विषयाला हात घालतो. माझा विषय मुंबईची आगगाडी. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली, तिला चौदा डबे होते. मस्जिद स्टेशनचे नाव आपल्या मांडवीच्या १७९६ सालच्या 'शार हरहमीम' या जुन्या मशिदीवरून पडले असे मानतात. हे दोन वाक्यांत सांगितले तर लोकांना आवडते. मी चाळीस मिनिटे सांगतो. समोरचा घड्याळ पाहतो, पाय बदलतो, तरी ते मला दिसत नाही. एखाद्या विषयात असे पूर्ण बुडून जाणे हे या अवस्थेचे मोठे लक्षण आहे. त्याचा फायदाही असतो. केसभर फरक माझ्या नजरेतून सुटत नसे, म्हणून कारखान्यात माझी किंमत होती. इस्राएली सैन्यात २०१३ साली सुरू झालेल्या 'रोईम राहोक' या उपक्रमात ऑटिझम असलेल्या तरुणांच्या याच बारीक नजरेचा उपयोग उपग्रहांची चित्रे तपासण्यासाठी करून घेतात.

दुसरी अडचण कानांची, डोळ्यांची आणि जिभेची. मेंदीच्या कार्यक्रमात लाउडस्पीकर लागला की इतरांना तो मोठा वाटतो, आम्हांला तो दुखतो. पुरीमला हामानचे नाव आले की मुले खुळखुळे वाजवतात, तेव्हा माझा नातू कान दाबून बाहेर पळतो. मलिद्याचे भिजलेले पोहे आणि खोबरे त्याच्या जिभेला सहन होत नाही. फळ मात्र तो खातो. पूर्वी मोठी माणसे म्हणत, "एलियाहू हनबीच्या नावाचे ताट आणि हा नाही म्हणतो!" त्यात अनादर काहीच नव्हता.

डोळ्याला डोळा भिडवण्याचेही तसेच. लोक म्हणतात, जो नजर चुकवतो त्याच्या मनात पाप असते. आम्हांला एका वेळी डोळ्यांत पाहणे आणि बोलणे ऐकणे अशी दोन कामे जमत नाहीत. मी जमिनीकडे पाहत असेन, तर नक्की ऐकत आहे असे समजा.

बाबांचा शिवा

२००६ साली माझे वडील वारले. शिवाच्या तिसऱ्या दिवशी शेजारच्या बाईंनी विचारले, "बाबा कसे गेले?" मी सांगितले. रात्री श्वास किती वाजता बदलला, कोणते औषध किती दिले, डॉक्टरांनी कोणत्या महिन्याचा अंदाज दिला होता आणि तो कसा बरोबर आला, सर्व तपशीलवार. माझी मोठी बहीण शेजारी बसली होती. ती उठून आत गेली. नंतर एका पाहुण्याने मुंबईची आठवण काढली आणि मी आगगाडीवर बोलू लागलो. संध्याकाळी ताई म्हणाली, "बाबांचं तुला काहीच नाही. तुझ्या डोळ्यांत पाण्याचा थेंब नाही."

त्यानंतर तेरा वर्षे ताई माझ्याशी बोलली नाही. नव्याच्या सणाला तिच्या यजमानांचा फोन यायचा, तेवढाच संबंध. लोकांनी विचारले तर मी म्हणायचो, "कारण माहीत नाही." ते खरेच होते. मला विचारलेल्या प्रश्नाचे मी अचूक उत्तर दिले होते.

२०१९ साली माझ्या मुलीच्या मुलाची तपासणी झाली. तो तेव्हा सात वर्षांचा होता. इस्राएलमध्ये डॉक्टर आणि मानसशास्त्रज्ञ असे दोघे मिळून हे निदान करतात. "घरात असे आणखी कोणी आहे का?" असे त्यांनी विचारले. माझी बायको आणि मुलगी, दोघींनी एकाच वेळी माझ्याकडे पाहिले. माणसांच्या नजरेचा अर्थ मला सहसा लागत नाही. त्या दिवशी लागला.

मी स्वतःची तपासणी करून घ्यायचे ठरवले. मोठ्या माणसाचे निदान करताना त्याच्या बालपणाची माहिती लागते, कारण ही अवस्था लहानपणापासून असल्याशिवाय हे नाव देत नाहीत. आई हयात नव्हती. माझे बालपण पाहिलेली एकच व्यक्ती उरली होती. तिला फोन करण्यापूर्वी मी काय बोलायचे ते कागदावर लिहिले आणि तो कागद वाचून दाखवला. ताई पलीकडे बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "किती वाजता यायचं?"

ती आली. मानसशास्त्रज्ञ बाईंना तिने उंबरठ्यावर मामांची वाट पाहणाऱ्या मुलाची गोष्ट सांगितली. शाळेत मुले मला कशी फसवायची, मी एकच सदरा कसा घालायचो, फटाके वाजले की पलंगाखाली कसा जायचो, तिला सर्व आठवत होते. बाहेर आल्यावर तिने मला विचारले, "मग बाबा गेले तेव्हा तुला वाईट वाटलं होतं का?"

मी म्हणालो, "हो. दोन महिने झोप आली नाही."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलं नाहीस."

ती रडली. या वेळी ती का रडते आहे, हे मी तिला विचारले आणि तिने सांगितले. एवढे आम्ही दोघे तेरा वर्षांपूर्वी करू शकलो असतो. आमच्यासारख्यांना भावना नसतात, हा सर्वांत मोठा गैरसमज आहे. भावना असतात. त्या चेहऱ्यावर येत नाहीत, आणि दुसऱ्याच्या चेहऱ्यावरच्या आम्हांला वाचता येत नाहीत.

आजी-आजोबांनी काय करावे

१. स्पष्ट बोलावे. "घर किती पसरलंय!" असे म्हटल्याने आमच्यासारखा नातू उठणार नाही. "ही पुस्तके त्या कपाटात ठेव" म्हणावे. तो ठेवील.

२. कार्यक्रमाची आधी कल्पना द्यावी. कोण येणार, किती वेळ चालणार, जेवणात काय आहे. अचानक बदल झाला तर तोही लगेच सांगावा.

३. बसायला एक शांत खोली दाखवून ठेवावी. तिथे तो जाऊन बसला तर तो रुसला आहे असे समजू नये.

४. जबरदस्तीने मुके घेऊ नयेत, "माझ्याकडे बघून बोल" असे म्हणू नये.

५. गोंगाटाने किंवा बदलाने मूल कोलमडून रडू-ओरडू लागले, तर तो हट्ट नव्हे. अशा वेळी समजावणे, रागावणे काही उपयोगाचे नाही. आवाज आणि गर्दी कमी करावी, जवळ शांत बसावे.

६. मुलींकडे विशेष लक्ष द्यावे. त्या इतरांचे पाहून हसणे-बोलणे उचलतात, म्हणून त्यांचे निदान पुष्कळदा उशिरा होते. दिवसभर नाटक केल्यासारखे वागून त्या घरी येऊन गळून जातात.

७. शंका आली तर मुलीला किंवा सुनेला दोष न देता कुपात होलिमच्या डॉक्टरांकडे जाण्यास सुचवावे. निदान झाल्यास मुलाला कुपाकडून उपचार आणि बितुआह लेउमीकडून भत्ता मिळू शकतो. पालकांनी १९७४ साली स्थापन केलेली 'अलुत' ही संस्थाही मार्गदर्शन करते.

ही अवस्था नाहीशी करणारे औषध नाही. तसे कोणी विकत असेल तर पैसे देऊ नयेत. पण तिच्याबरोबर येणारी चिंता, उदासी आणि निद्रानाश यांवर चांगले उपचार आहेत. ते मीही घेतले आहेत.

आपल्या वयासाठी एक सूचना

हा लेख वाचून काहींना आपला नवरा किंवा भाऊ आठवेल. तो आयुष्यभर तसाच असेल, तर कदाचित तुमचा अंदाज बरोबर असेल. पण पूर्वी मनमिळाऊ असलेला माणूस साठी-सत्तरीनंतर एकाएकी तुटक बोलू लागला, लोकांत जाईनासा झाला किंवा भलतेच बोलू लागला, तर ते ॲस्पर्गर नव्हे. त्यामागे कमी ऐकू येणे, उदासीनतेचा आजार, मेंदूतील लहान झटका किंवा स्मृतिभ्रंशाची सुरुवात असू शकते. त्यासाठी डॉक्टरांना लवकर भेटावे.

आणि ज्यांना ही अवस्था आहे त्यांनी डॉक्टरांकडे जाताना तक्रारी लिहून न्याव्यात. "कसे आहात?" असे डॉक्टरांनी विचारले की मी "ठीक" म्हणायचो, कारण त्या प्रश्नाला तेच उत्तर देतात असे मी शिकलो होतो. छातीत दुखत असतानाही एकदा तेच म्हणालो होतो. आता कागद पुढे करतो.

गेल्या वर्षी माझ्या नातवाचा बार मित्स्वा झाला. तोराचा भाग त्याने एकही चूक न करता वाचला. वाचन संपले की मुलावर गोळ्या-चॉकलेटे फेकण्याची रीत आहे. त्याने आधीच सांगितले होते की कोणी काही फेकू नये, लागते. आम्ही दारात चिठ्ठी लावली आणि गोळ्या टोपलीत ठेवल्या. ती टोपली घेऊन ताई दाराशी उभी राहिली आणि प्रत्येकाच्या हातात एक-एक देत होती.

नातू शुक्रवारी आमच्याकडे येतो. बायकोने त्याला थोडे मराठी शिकवले आहे. निघताना तो म्हणतो, "सबा, मी जातो." सुरुवातीला बायको कानांवर हात ठेवायची. आता ती त्याला विचारते, "परत कधी येणार?" तो दिवस आणि वेळ सांगतो, आणि त्या वेळी येतो.